पहिल्या सेमला ५.६ एसजीपीए आलाय, घरचे म्हणतात क्लास लाव नाहीतर ड्रॉप घे. काय करू?

"घरचे म्हणतात" एवढं वाचूनच लिहायला बसले. सगळे विषय निघालेत म्हणतोस, पुण्यात इंजिनिअरिंगचं फर्स्ट इयर, एसजीपीए (एका सेमची दहापैकी ग्रेडची सरासरी) ५.६, आणि त्यावर ड्रॉप? अरे, पास झालेल्या पोरानं ड्रॉप कशाचा घ्यायचा? माझा एम वन (गणिताचा पहिला पेपर) गेला होता, केटी घेऊन, म्हणजे तो विषय मागं ठेवून, पुढं गेले, तरी ड्रॉप घेतला नाही.

ड्रॉपचं इथंच मिटवते. आठ सेम असतात. एक ५.६ ची झाली आणि उरलेल्या सात ८ च्या काढल्यास तर सरासरी ७.७ येते. सात सेम ७.५ च्या काढल्यास तरी ७.२ च्या पुढंच. (क्रेडिट दर सेमला थोडे इकडंतिकडं असतात त्यामुळं अगदी तंतोतंत नाही, पण अंदाज बरोबर आहे.) प्लेसमेंटला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या ६० टक्के नाहीतर साडेसहाच्या आसपासचं क्रायटेरिया लावतात आणि लाइव्ह बॅक (अजून न निघालेला विषय) नको म्हणतात, पहिल्या सेमला किती होते हे तिथं कोणी वेगळं काढून विचारत नाही. ड्रॉप घेतलास तर मात्र "वर्ष का गेलं" हे प्रत्येक इंटरव्ह्यूला विचारतील. घरच्यांना हा हिशोब कागदावर करून दाखव, तोंडी सांगितलं की भांडण होतं.

आता क्लास. इथं माझं डोकं फिरतं, आधीच सांगते.

माझा निकाल लागला तेव्हा मेंटॉर सरांनी पालकांना बोलावलं. पप्पा पहाटेच्या एसटीनं बार्शीहून निघाले, स्वारगेटला उतरले, तिथनं बस बदलून कॉलेजला. स्टाफरूममध्ये आणखी दोन पालक बसलेले, त्यांच्यासमोर सर म्हणतात, मराठी मिडीयमची मुलं, मॅथ्स कच्चं असतं यांचं, खरं तर डिप्लोमाला टाकायला पाहिजे होतं. पप्पांनी एकदम शांतपणे विचारलं, "मग भरलेली फी परत मिळंल का?" सर गप्प. आणि डिप्लोमा म्हणजे काय कच्च्या पोरांचा कोंडवाडा आहे का? डायरेक्ट सेकंड इयरला आलेली डिप्लोमाची पोरं ड्रॉइंगच्या शीटवर आम्हाला शिकवायची. असो.

रात्री धनकवडीला आत्याकडं जेवायला गेलो. आत्याचं ठरलेलंच होतं. "क्लासशिवाय इंजिनिअरिंग होत नाही गं, तुझा दादा क्लासमुळंच निघाला, मी बोलते त्या सरांशी, हप्त्यात घेतात." पप्पा मान हलवायला लागले. मी म्हटलं आत्या, आधी मला माझा पेपर बघू दे. कशाला? मार्क तर कळले की. नाही, कुठं गेले ते नाही कळलेलं. यावर आत्या जे हसली ते मला अजून आठवतं. पप्पा म्हणाले उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीला पैसे घालून निकाल बदलणारे का. मी म्हटलं निकालासाठी मागवतच नाहीये.

ऑनलाइन फॉर्म भरला, फी भरली, काही दिवसांनी उत्तरपत्रिकेचा स्कॅन आला. मेसमध्ये थर्ड इयरची एक ताई होती, तिला दाखवला. तिनं ताट बाजूला सरकवलं आणि मोबाइलवर एकेक पान झूम करत बसली. आयगेन व्हॅल्यूचं गणित होतं, मॅट्रिक्सच्या ओळी २ २ १, १ ३ १, १ २ २. कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन बरोबर, त्याचे मार्क दिलेले. त्याच्याखाली व्हॅल्यू १, −१, ५. आणि तिथनं खालचं सगळं आडवं कापलेलं, दीड पान आयगेन व्हेक्टर पाण्यात. ताई म्हणाली, "मेन डायगोनलची बेरीज कर." २, ३, २ म्हणजे ७. "आता तुझ्या व्हॅल्यूंची." ५. "म्हणजे चुकलंय, हे पाच सेकंदात कळतं, पुढं जायच्या आधी." आयगेन व्हॅल्यूंची बेरीज मेन डायगोनलच्या बेरजेएवढी आली पाहिजे आणि गुणाकार डिटर्मिनंटएवढा. खरी उत्तरं १, १, ५. कुठूनतरी एक मायनस घुसला होता.

पुढची पानं बघितली तर ऑयलर थिअरमचं स्टेटमेंट सुवाच्य अक्षरात आणि उदाहरण अर्धवट. लॅग्रान्जच्या गणितावर चार पानं, त्याला मार्क फारच थोडे. शेवटचा एक प्रश्न कोराच, वेळ संपलेला. त्या सगळ्या पेपरात मला न समजलेलं असं एकच गणित होतं! मिडीयमचा संबंध कुठं आला सांग. पेपर कुठल्या क्रमानं सोडवायचा आणि उत्तर कसं तपासायचं हे मला येत नव्हतं, आणि हे तीस पोरांच्या बॅचमध्ये क्लासचे सर शिकवत नाहीत. ते फळ्यावर गणित सोडवतात, आपण उतरवून घेतो, वाटतं आलं. कॉलेजच्या लेक्चरलाही तेच वाटायचं.

आमच्या वेळी (२०१९ पॅटर्न, म्हणजे तेव्हाचा अभ्यासक्रम) इनसेम, म्हणजे सेमच्या मधला पेपर, ३० चा, पहिल्या दोन युनिटवर, आणि एंडसेम, म्हणजे शेवटचा, ७० चा, उरलेल्या चारवर. त्या चारातले शेवटचे दोन मॅट्रिक्सचे. ताईचं म्हणणं होतं मॅट्रिक्सनं सुरुवात कर, तिथं पद्धत ठरलेली असते, रँक काढ, केली हॅमिल्टन लाव, आणि उत्तर तिथल्या तिथं पडताळता येतं. निम्म्याच्या आसपास पेपर तिथंच होतो. मग पार्शल डिफरन्सिएशन, लॅग्रान्ज सगळ्यात शेवटी. आणि अडलास तरी पुढची स्टेप लिहून ठेव, स्टेपला मार्क असतात हे माझ्याच पेपरात दिसत होतं.

क्लासचे पैसे वाचले ते नवी पेठेतल्या अभ्यासिकेत घातले. आजूबाजूला सगळी एमपीएससीवाली, सकाळी डबा घेऊन येणारी, मी एकटीच मॅट्रिक्स घेऊन बसलेली. अप्पा बळवंत चौकातनं जुन्या पेपरांचं पुस्तक सेकंडहँड आणलं, त्यात आधीच्या मालकानं पेन्सिलीनं उत्तरं लिहून ठेवलेली, ती खोडण्यातच पहिली संध्याकाळ गेली. मग घड्याळ लावून, पुस्तक मिटून, अख्खा पेपर हातानं. नुसतं सोल्युशन वाचण्याला अभ्यास म्हणत असशील तर ५.६ च येणार परत, राग आला तरी चालेल. दुसऱ्या सेमबरोबर एम वन निघाला, पुढं सातच्या खाली सेम गेली नाही.

तुझं तर सगळंच निघालंय, त्यामुळं तुला बघायचंय ग्रेड कुठं घसरली ते. मार्कशीट घे आणि क्रेडिट बघ. चार क्रेडिटच्या विषयात एक ग्रेड वर सरकलास तर एका क्रेडिटच्या वर्कशॉपमध्ये सरकण्याच्या चौपट फरक पडतो, एसजीपीए तसाच काढतात. पण म्हणून टर्मवर्क आणि प्रॅक्टिकल सोडू नकोस, फाइल वेळेवर सबमिट करण्याचे मार्क जे घालवतात त्यांच्याबद्दल मला काही सहानुभूती नाही. आणि ज्या थिअरीत सगळ्यात कमी आहेत त्या एका तरी पेपरची फोटोकॉपी मागव.

आता थोडं उलट बाजूनंही सांगते, नाहीतर कमेंटमध्ये भांडायला याल. माझ्या रूममेटनं मेकॅनिक्सला क्लास लावला आणि तिला झाला उपयोग, तिला फ्री बॉडी डायग्रामच (वस्तूवर कुठली बलं लागतात त्याची आकृती) काढता येत नव्हतं, म्हणजे बेसिकलाच अडलेली. तसं असेल तर लाव, पण एका विषयाला, सगळ्या पॅकेजला नाही. फोटोकॉपी मागवली म्हणून मार्क वाढतात असंही नाही, रिव्हॅल्युएशन वेगळं, ते मीही केलं होतं, काही बदललं नाही. नवीन पॅटर्नला युनिट बदललेत, तेव्हा माझा क्रम डोळे झाकून घेऊ नकोस, स्वतःचा सिलॅबस उघड. आणि झोप येत नाही, मेसमध्ये जेवण जात नाही, घरची आठवण येऊन लेक्चरला बसवत नाही असं काही चालू असेल तर ते मी वर लिहिलेल्या कशानंच सुटणार नाही, तेव्हा घरी ५.६ च्या आधी ते सांग.

ब्रांच बदलायचं पण विचारलंयस, त्यातलं मला कळत नाही.

आत्याच्या धाकटीचं यंदा फर्स्ट इयर आहे. आत्यानं सगळ्या विषयांना क्लास लावलाय, फी एकरकमी भरलीये. परवा त्या पोरीचा मेसेज आला, ताई तो फोटोकॉपीचा फॉर्म कुठं भरतात, आईला सांगू नकोस. लिंक पाठवलीये तिला. तूही तारीख आधी बघ, निकालानंतर थोडेच दिवस खिडकी उघडी असते.