'स्क्रॅम्बल' वापरा, पण जागा बघून

इंग्रजी वाक्यात 'स्क्रॅम्बल' कसं बसवायचं, असं विचारलंत. क्रियापद छान निवडलंय. हॉटेलातलं स्क्रॅम्बल्ड एग ओळखीचं असतं, म्हणून बहुतेक जण तिथेच थांबतात. रोजच्या बोलण्यात मात्र त्यात धांदल आहे, धडपड आहे, थोडा गोंधळही आहे.

सुरुवात शरीराच्या हालचालीपासून करा. गडाच्या खडकाळ टप्प्यावर आपण हात टेकत टेकत चढतो ना, ते 'वी स्क्रॅम्बल्ड अप द रॉक्स'. नुसत्या पायऱ्या चढण्याला हे चालणार नाही, हात लागायलाच हवेत. साहेब अचानक आले आणि सगळे धडपडत उभे राहिले: 'एव्हरीवन स्क्रॅम्बल्ड टू देअर फीट'. क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनात 'दे स्क्रॅम्बल अ सिंगल' ऐकलं, की चोरटी धाव डोळ्यांसमोर उभी राहते.

मग पुढचा शब्द सांभाळा, नवख्यांची गाडी तिथेच अडते. एखाद्या गोष्टीसाठी झुंबड उडाली असेल तर 'फॉर': 'पॅसेंजर्स स्क्रॅम्बल्ड फॉर सीट्स'. काम उरकायची घाई असेल तर 'टू' आणि क्रियापद: 'शी स्क्रॅम्बल्ड टू फिनिश द रिपोर्ट'. सोबत 'क्विकली' जोडू नका, घाई आतच आहे. निवांत, ठरवून केलेल्या कामाला तर हे क्रियापद अजिबात लावू नका.

आज घरी परतताना लोकलमध्ये किंवा एसटीत जी धावपळ दिसेल, तिच्यावर दोन वाक्यं लिहा आणि मोठ्याने वाचा. एक 'फॉर'चं, एक 'टू'चं.