वाचकांचे प्रश्न : खळगा वर, दुखणे आत

प्रश्न : वर-खाली काचतंतूंच्या स्किन (कडक बाह्य थर) आणि मध्ये पीव्हीसी फोमचा गाभा अशा सँडविच पॅनेलवर जड अवजार पडून २ मिमी खोल खळगा पडला. स्किन फाटलेली नाही. भार देऊन पाहिला, वाक पूर्वीइतकाच आला. लांबी (पुट्टी) भरून वापरले तर चालेल का?

उत्तर : नाही, पॅनेलवर भार पुन्हा पुन्हा येणार असेल तर मुळीच नको. आघाताने फोमच्या पेशी चुरडतात. स्किन उसळून बरीचशी वर येते, चुरडलेला फोम मात्र खालीच राहतो आणि दोघांमध्ये पोकळी उरते. म्हणून दिसतो त्या खळग्यावरून आतले नुकसान जोखू नये. पॅनेल वाकताना स्किन ताण-दाब घेते; शिअर, म्हणजे थर एकमेकांवर सरकवणारा जोर, फोम घेतो. खळगा दाबाच्या बाजूला असेल तर आधार सुटलेली स्किन भाराच्या दर फेऱ्याला लचकते आणि पोकळीची कड पुढे सरकते. तो टेकूजवळ, म्हणजे जास्त शिअरच्या जागी असेल, तर फोममध्ये साधारण ४५ अंशांची तिरकी चीर पडते. ती स्किनपाशी पोचून स्किन-फोमच्या जोडालगत धावते. वाक बदलला नाही याचा दिलासा मानू नका. फोम गाभ्याचा ताठपणा आयुष्याचा बराच काळ जवळपास तसाच राहतो आणि अखेरीस झपाट्याने घसरतो.

स्किन पातळ असेल तर नाण्याने टकटक करत बाहेरून आत या. आवाज बद्द होतो तिथे खूण करा. जाड स्किनला अल्ट्रासाउंड लागेल. खुणेच्या बाहेरपर्यंत स्किन कापा, अखंड पेशी लागेपर्यंत फोम काढा, ओल असल्यास पूर्ण वाळवा. त्याच घनतेच्या फोमचा तुकडा बसवा. कापलेल्या उघड्या पेशी रेझिन (चिकटवणारे, नंतर कडक होणारे द्रव्य) शोषतात आणि जोड कोरडा पडतो, म्हणून आधी दोन्ही पृष्ठांवर रेझिन-मायक्रोबलूनचा (सूक्ष्म पोकळ गोळ्यांच्या भुकटीचा) पातळ लेप द्या. स्किनच्या कडेला १:२० उतार, म्हणजे १ मिमी जाडीला २० मिमी. पोकळीत नुसते रेझिन टोचण्याचा सोपा मार्ग टाळा. मऊ फोममध्ये तो कडक गोळा होतो आणि त्याच्याच कडेला नवी चीर सुरू होते.

प्रश्न : दुरुस्त नमुन्याची फटीग चाचणी (पुन्हा पुन्हा भार देऊन घेतलेली) किती वेगाने घ्यावी?

उत्तर : सेकंदाला दोन-चार फेऱ्यांनी सुरुवात करा. फोम उष्णतारोधक आहे. आत तयार झालेली उष्णता बाहेर पडत नाही, फोम मऊ होतो आणि नमुना उगाच लवकर मोडतो. गाभ्यात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ठेवा, तापमान चढत राहिले तर वेग उतरवा. भार देणाऱ्या रोलरखाली रुंद पट्टी व रबर द्या, नाहीतर तिथेच फोम चुरडेल आणि मोजाल ते रोलरने केलेले नुकसान.