‘गंजून तडकणे’ की ‘ताण-क्षरण चीर’?

प्रश्न असा आला आहे: ‘स्ट्रेस करोजन क्रॅकिंग’ला, म्हणजे ताण आणि रसायन मिळून धातूला चीर पाडतात त्या प्रकाराला, मराठीत ‘गंजून तडकणे’ म्हटलं तर चालेल का? ‘प्रतिबल-क्षरण भंजन’ असं काही केलं तर वर्कशॉपमधल्या माणसाला ते कळणार नाही, असं विचारणाऱ्याचं म्हणणं आहे.

जड आहे, मान्य. तरी ‘गंजून तडकणे’ मला पटत नाही, आणि पहिलं कारण व्याकरणातलंच आहे. ‘-ऊन’ लागलं की एक क्रिया आधी उरकते, दुसरी मागून येते. ‘जेवून निघालो’ म्हणजे आधी जेवण झालं. त्यामुळे ‘गंजून तडकलं’ म्हटलं की डोळ्यांसमोर पापुद्रे सुटलेला, खाल्लेला पत्रा येतो. इथे तसं होत नाही. ताण आणि रसायन एकाच वेळी, एकाच जागी काम करतात. दोहोंतलं एक काढून घेतलं की चीर पुढे सरकत नाही. बाकीचा धातू लखलखीत राहू शकतो. स्टेनलेसच्या एका नळीवर मी हे पाहिलं आहे. वेल्डजवळ नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. डीपी टेस्टचा, म्हणजे चिरांत शिरणाऱ्या रंगाने करायच्या तपासणीचा, लाल रंग लावला, थोड्या वेळाने पुसला, वर पांढरा डेव्हलपर मारला, आणि बघता बघता त्या पांढऱ्यावर बारीक लाल रेघा उमटल्या, एकीला दुसरी फुटलेली, मुळ्यांसारख्या. गंजाचा ठिपकाही नव्हता.

शिवाय गंज चढतो तो लोखंडाला. पितळेला कळंक चढतो, त्यात ठेवलेलं ताक कळकतं; पितळ गंजलं असं आपण सहसा म्हणत नाही. आणि या प्रकाराचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पितळेचंच, तेही हिंदुस्थानातलं. इंग्रज फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली असत, आणि त्यांच्या पितळी नळकांड्यांना चिरा जात. ऋतूशी नातं दिसलं म्हणून नाव पडलं ‘सीझन क्रॅकिंग’. उलगडा १९२१ मध्ये झाला: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतली ओल, आणि नळकांडं ओढून घडवताना पितळेच्या अंगात राहून गेलेला ताण. बाहेरून कुणीही जोर लावत नव्हतं. घडवल्यावर बेताची उष्णता देऊन तो ताण उतरवला की चिरा जाणं थांबलं. म्हणून मी ‘क्षरण’ घेतो. शाळेच्या विज्ञानातला शब्द आहे, आणि तो कुठल्याही धातूला चालतो.

आता ‘प्रतिबल’. परिभाषेत स्ट्रेसला तोच शब्द, आणि त्यात ओढ आणि दाब दोन्ही येतात. पण ही चीर पडायला ओढच लागते. दाबाखाली ती मिटलेली राहते. पृष्ठभागावर बारीक छर्‍यांचा मारा करून मुद्दाम दाब भरतात तो याचसाठी. म्हणजे बोलीतला साधा ‘ताण’ इथे परिभाषेपेक्षा नेमका बसतो. मला या शब्दाचा फार आनंद वाटतो.

राहिला ‘तडा’. तडा कपबशीला जातो, उकळतं पाणी ओतलेल्या काचेच्या ग्लासला जातो: तड्‌ आवाज, काम संपलं. भेग जमिनीला, टाचांना, ती वाळण्याची. चीर मात्र बारीक असते आणि वाढत जाते. अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १९२८ चा. त्याच्या साखळीतल्या एका पोलादी पट्टीच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या भोकाशी, चीर पडली आणि ताण-क्षरण व क्षरण-थकवा (क्षरणाच्या जोडीला पुन्हा पुन्हा कमी-जास्त होणारा भार) या दोहोंनी ती वर्षानुवर्षं वाढत राहिली. खोली जेमतेम अडीच मिलिमीटर, तीही अशा जागी की पट्टी सोडवल्याशिवाय दिसणार नाही. १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी पट्टी तडकली, पूल नदीत गेला, ४६ माणसं गेली. यात चीर आणि तडकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीला चाळीसेक वर्षं लागली, दुसरीला क्षणही नाही. तपासणीचा सगळा उपयोग पहिलीच्या काळात.

तेव्हा रिपोर्टमध्ये ‘ताण-क्षरण चीर’ लिहावं. बोलताना ‘वेल्डजवळ ताण-क्षरणाची चीर गेलीय’ हे वाक्य अडखळत नाही. फिटर आज ‘क्रॅक गेलाय’ म्हणतो, त्याच्याच चालीचं आहे. ‘तडकली’ हे क्रियापद नळी खरोखर तुटेल त्या दिवसासाठी ठेवावं.