फाइल इथे ठेवली, पान गेलं कुठे?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही चार-पाच जण मिळून ठाण्यातल्या तलावांवर साइट करतोय, ह्यूगो (साध्या मजकुराच्या फाइलींवरून साइटची पानं बनवणारं सॉफ्टवेअर) वापरून. लेख ठेवायच्या कंटेंट फोल्डरमध्ये 'तलाव' फोल्डर, त्यात मासुंदा, उपवन आणि कचराळी अशा तीन एमडी (मार्कडाउन मजकुराच्या) फाइली, नावं मराठीतच ठेवलीत. फोटो शेजारीच ठेवले तरी पानावर येत नाहीत. वर थोडी ओळख द्यावी म्हणून त्याच फोल्डरात इंडेक्स डॉट एमडी टाकली तर सर्व्हरवर तिन्ही पानंच दिसेनाशी झाली, पण तयार साइट जिथे येते तो पब्लिक फोल्डर उघडला तर तिथे आहेत! एरर काहीच नाही. काय करायचं?
— एक वाचक, नौपाडा

उत्तर : एरर येणार नाही, कारण ह्यूगोच्या हिशेबाने सगळं बरोबर चाललंय. ज्या फोल्डरात इंडेक्स डॉट एमडी सापडते तो अख्खा फोल्डर म्हणजे एकच पान असं ते धरतं, मग बाजूच्या बाकीच्या एमडी फाइली त्या पानाचं सामान होतात आणि त्यांची वेगळी पानं बनतच नाहीत. तुम्हाला हवंय विभागाचं पान, त्यासाठी नावाच्या आधी अंडरस्कोर लावा, अंडरस्कोर इंडेक्स डॉट एमडी. एवढं केलंत की तिन्ही तलाव परत येतील.

पब्लिकमध्ये दिसतात ती जुन्या बिल्डची, म्हणजे आधी कधीतरी साइट तयार केली तेव्हाची पानं. ह्यूगो बिल्ड करताना पब्लिक फोल्डर आधी रिकामा करत नाही, त्यामुळे नाव बदललेली, काढून टाकलेली सगळी पानं तिथेच पडून राहतात आणि तुम्ही फोल्डर तसाच अपलोड केलात तर ती लोकांना दिसतातही. अपलोडच्या आधी पब्लिक पूर्ण डिलीट करून नव्याने बिल्ड करा, ही सवय लावाच.

आता फोटोचं बघू. मासुंदा डॉट एमडी ही फाइल बाहेर पडताना मासुंदा डॉट एचटीएमएल होत नाही, तर पब्लिक/तलाव/मासुंदा असा फोल्डर होतो आणि त्यात इंडेक्स डॉट एचटीएमएल. म्हणजे पान एक पायरी खाली उतरलं, फोटो मात्र पब्लिक/तलाव मध्येच राहिला आणि ब्राउझर तो शोधतोय मासुंदाच्या आत, मग मिळणार कसा? उपाय सोपा आहे, कंटेंटमधल्या 'तलाव' फोल्डरातच मासुंदा नावाचा फोल्डर करा, लेख त्यात इंडेक्स डॉट एमडी म्हणून ठेवा (इथे अंडरस्कोर नको) आणि फोटो त्याच्या शेजारी, दोघं एकत्रच बाहेर पडतात. लोगोसारखं जे सगळ्या पानांवर लागतं ते स्टॅटिक नावाच्या फोल्डरात टाका, स्टॅटिक/लोगो डॉट पीएनजी थेट पब्लिक/लोगो डॉट पीएनजी होतं, 'स्टॅटिक' हा शब्द पत्त्यात येत नाही.

कुठली फाइल कुठे जातेय याचा अंदाज करत बसू नका. टर्मिनलमध्ये 'ह्यूगो लिस्ट ऑल' चालवा, एकाच ओळीत मूळ फाइलचा पाथ आणि तिची परमालिंक (साइटवरचा पूर्ण पत्ता) दोन्ही मिळतात. एखादी एमडी फाइल त्या यादीत नसेल तर ती ह्यूगोच्या लेखी पानच नाही.

आणि मराठी नावांबद्दल मनापासून सांगतो, लेखाचं शीर्षक मराठीतच ठेवा, पण फाइल-फोल्डरची नावं रोमनमध्ये करा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (कॉम्प्युटरची अक्षरं साठवण्याची पद्धत) ३ बाइटचं, लिंक कॉपी केली की प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासकट ३ कॅरेक्टर खातो, म्हणजे नुसता 'तलाव' हा शब्दच ३६ कॅरेक्टरचा होतो आणि व्हॉट्सॅपवर ती लिंक कुणाला वाचता येत नाही. लिंका आधीच ग्रुपवर गेल्या असतील तर फ्रंट मॅटरमध्ये (एमडी फाइलच्या सुरुवातीचा शीर्षक-तारखेचा भाग) 'एलियासेस'खाली जुना पत्ता लिहा, ह्यूगो तिथे एक छोटं पान ठेवतं जे वाचकाला नव्या पत्त्यावर नेतं. फोल्डर तुम्ही कितीही वेळा आवरा, पण ज्याने लिंक जपून ठेवलीय त्याला पान मिळालंच पाहिजे.

प्रश्न : मी जेकिल वापरते, ह्यूगोसारखंच सॉफ्टवेअर. डेस्टिनेशन (तयार साइट ठेवायची जागा) म्हणून थेट पेनड्राइव्ह दिला तर चालेल का? त्यावर संस्थेचे जुने अंक पण आहेत.
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : नका देऊ ताई! जेकिलचं ह्यूगोच्या उलट आहे, बिल्ड करताना ते डेस्टिनेशन साफ करतं, साइटने न बनवलेल्या फाइली उडवतं. जुने अंक जातील. नेहमीच्या अंडरस्कोर साइट फोल्डरातच बिल्ड करा आणि मग पेनड्राइव्हवर वेगळा फोल्डर करून कॉपी करा. कॉन्फिगमध्ये (साइटच्या सेटिंगची फाइल) 'कीप फाइल्स' लिहून काही फाइली वाचवता येतात, पण एक नाव लिहायचं राहिलं तरी तो अंक गेला, म्हणून अंकांसाठी मी त्यावर विसंबणार नाही.