बीपी बरं दिसलं तरी आतड्याकडे बघ

रक्तस्राव झालेल्या पेशंटचा बीपी सावरला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. शरीर मेंदू-हृदय वाचवायला आधी आतड्याच्या रक्तवाहिन्या आवळतं, आणि त्या सगळ्यात उशिरा सैलावतात. त्यात पोटातला दाब वाढला की उरलंसुरलं रक्तही अडतं. साधं गणित कर: सरासरी रक्तदाब ६५ (सगळे दाब mmHg मध्ये), पोटातला दाब २०, म्हणजे आतड्याला मिळाले जेमतेम ४५. कमीच!

म्हणून पोटातला दाब मूत्राशयातल्या लघवीच्या नळीतून मोज. पेशंट उताणा, नळीतून मूत्राशयात सलाइन २५ मिली पुरे, रीडिंग श्वास सोडून झाल्यावर. १२ किंवा त्याहून जास्त भरला तर दर चार-सहा तासांनी पुन्हा. पोट हाताने चाचपून अंदाज बांधू नकोस, तो फसवतो. आणि शिरेतून सलाइन बेताने दे. आतडं सुजलं की दाब आणखी चढतो.