श्रावणात दारू सोडताय? आधी डॉक्टर गाठा

प्रश्न : माझे पती (वय ४६) गेली बरीच वर्षं रोज पितात. आता सकाळीही लागते. दर श्रावणात सोडतात. गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून झाडू घेऊन उठले, मला ओळखेनात. सासूबाईंनी बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावला. शेवटी दिरांनी क्वार्टर पाजली, तेव्हा निवले. झोपेसाठी ते रोज अल्प्राझोलामच्या गोळ्याही घेतात. यंदा दोन्ही एकदम बंद करणार म्हणतात. मी काय करू?
– एक भगिनी, जि. सांगली

उत्तर : ताई, सोडायचं त्यांच्या मनात आहे ही फार चांगली गोष्ट आहे. पण यंदा घरी सोडू देऊ नका. तुमच्या वर्णनावरून ती बाधा नव्हती, डेलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे दारू अचानक थांबल्यावर होणारा कंप आणि भ्रम, असावा. आम्ही त्याला 'डीटी' म्हणतो. उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावू शकतो आणि एकदा होऊन गेला की पुढच्या खेपेला पुन्हा होण्याची भीती जास्त.

दारू मेंदूला गुंगवते. ती रोज मिळू लागली की तोल सांभाळायला मेंदू स्वतःला जास्त चेतवून ठेवतो. दारू अचानक थांबली तरी ते चेतवणं चालूच राहतं. म्हणून काही तासांतच हात कापतात, घाम फुटतो, मळमळतं, छाती धडधडते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. डीटी बहुधा ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान सुरू होतो, म्हणजे घरचे 'दोन दिवस निभावले, आता सुटली' म्हणतात नेमका तेव्हा. वॉर्डात असे रुग्ण चादरीवरचे न दिसणारे दोरे वेचत बसतात. शेतकरी खाटेवर बसून बैल हाकतो, ड्रायव्हर हवेत स्टिअरिंग फिरवतो. अंगात ताप असतो, नाडी पळत असते.

गोळ्यांचं मला जास्त भय वाटतं, कारण त्यांना कुणी व्यसन धरत नाही. अल्प्राझोलाम मेंदूत दारूसारखंच काम करतं. दोन्ही एकदम तोडणं म्हणजे दुहेरी धोका. आयुष्यात दारूला न शिवलेल्या आजींनाही, वर्षानुवर्षं घेतलेली झोपेची गोळी अचानक थांबवल्यावर फिट येऊ शकते. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची असते, त्याला काही आठवडे, कधी महिनेही लागतात.

श्रावण लागायच्या आधीच जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात त्यांना दाखवा. त्यांना दाखल करावं लागेल असं मला वाटतं. तिथे डायझेपाम किंवा लोराझेपामसारखं औषध मोजून देतात आणि साधारण आठवड्याभरात कमी करत आणतात. 'अशक्तपणा आहे, ग्लुकोजचं सलाईन लावा' असा आग्रह मात्र धरू नका. रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. ते आधी न देता ग्लुकोज चढवलं तर डोळ्यांची हालचाल, चाल आणि स्मरणशक्ती बिघडू शकते, आणि गेलेली स्मरणशक्ती पुष्कळदा परत येत नाही. म्हणून रोज किती पितात, शेवटची कधी घेतली, हे डॉक्टरांना लपवाछपवी न करता सांगा. गेल्या वर्षीची रात्रही सांगा. गोळ्यांची पट्टी सोबत न्या.

दाखल होईपर्यंत बाटली हिसकावून घेऊ नका, गोळ्याही लपवू नका. दारू आणि गोळी एकाच वेळी पोटात गेली तर श्वास मंदावतो, तेवढं त्यांना नीट समजावा. मध्येच फिट आली, ते असंबद्ध बोलू लागले, किंवा हात कापताहेत आणि ताप चढला, तर १०८ला फोन करा. फिट आल्यावर कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. दिरांनाही सांगून ठेवा की अशा वेळी क्वार्टर आणायला धावायचं नाही, गाडी काढायची. जवळचं व्यसनमुक्ती केंद्र विचारायला १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे.