लिस्बनला पहिल्यांदा जाताय?

आधी बुटांचं बघा. लिस्बनचे फुटपाथ गुळगुळीत दगडांचे, त्यात सगळा चढ-उतार; पावसाची एक सर आली की पाय सटकलाच म्हणून समजा.

२८ नंबरची पिवळी ट्राम हवीच असेल तर सकाळी लवकर मार्तिम मोनिझ या पहिल्याच थांब्यावर चढा. नंतर उभं राहायलाही जागा नसते, आणि त्या गर्दीत पाकीटमार असतात.

शहराच्या बेलें भागात सोमवारी जाऊ नका, जेरोनिमोस मठ बंद असतो. वास्को द गामाची कबर तिथल्याच चर्चमध्ये आहे. जवळच १८३७ पासूनचं पाश्तेलचं, म्हणजे छोट्या कस्टर्ड टार्टचं दुकान आहे. पार्सलची रांग बघून मागे फिरू नका; आत बसायला मोठमोठ्या खोल्या आहेत. पाश्तेल गरम असतानाच वर दालचिनी भुरभुरवून खा. कडेचे पापुद्रे कुरकुरतात, आतलं कस्टर्ड जिभेला चटका देतं, आणि एकावर कोणाचंच भागत नाही!

जेवायला बसल्यावर न मागता आलेले ब्रेड, ऑलिव्ह, चीज फुकट नसतात. नको असेल तर सरळ परत न्यायला सांगा.

शाकाहारी असाल तर ‘काल्दो व्हेर्दे’ हे हिरवं सूप मागवताना जपून, त्यात बहुधा सॉसेजची चकती असते. ‘शामुसा’ म्हणजे आपला समोसाच, पण सारण विचारूनच घ्या. बऱ्याचदा खिमा असतो.